शटॉक्वाच्या तळ्याकाठी, विहीणबाईंच्या घरी

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी पहिल्याच व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, "मग तुम्ही शटॉक्वाला कधी येताय?" शटॉक्वा हे गाव आहे, सण आहे की त्यांचे कुणी नातेवाईक, मला पत्ता नव्हता. जाऊन आल्यावर सांगते, तिन्ही थोडं थोडं आहे.

न्यूयॉर्क राज्याच्या पार पश्चिम टोकाला शटॉक्वा नावाचं लांबोडकं तळं आहे. त्याच्या काठाला, कुंपणाच्या आत, जुन्या लाकडी घरांची एक वसाहत आहे. दर उन्हाळ्यात नऊ आठवडे तिथे व्याख्यानं, गाणंबजावणं, प्रार्थना आणि पोहणं यांची धामधूम असते. बाकीचं वर्षभर बहुतेक घरांना कुलूप. विहीणबाईंच्या पणजीने पहिल्या महायुद्धाच्या आधी तिथे घर घेतलं. तेव्हापासून मोजलं तर माझी नात सहाव्या पिढीची. आधी करोना, मग आमच्या ह्यांचा गुडघा, असं करता करता गेल्या ऑगस्टमध्ये एकदाचा योग आला.

शनिवार

पिट्सबर्गहून गाडीने अडीच-तीन तास. ईरी शहर मागे पडलं की रस्ता ईरी सरोवराला समांतर पूर्वेकडे धावतो आणि दोन्ही बाजूंना द्राक्षमळे लागतात. नाशिकच्या माणसाला आपलीच वाटतील, पण ही काँकर्ड, जाड सालीची, रस आणि जेलीसाठी लावलेली. एवढ्या थंडीच्या मुलुखात द्राक्षं कशी, असं मी जावयाला विचारलं. तो म्हणाला, सरोवराचं पाणी शरद ऋतूत उशिरापर्यंत ऊब धरून ठेवतं, म्हणून काठावर दहिवर उशिरा पडतं. वेस्टफील्डला वळून टेकडी चढलो, मेव्हिल ओलांडलं आणि फाटकापाशी आलो.

आत गाड्यांना जवळजवळ मज्जाव आहे. सामान उतरवण्यापुरता परवाना मिळतो, तेही ताशी बारा मैलांच्या वेगाने. मग गाडी बाहेरच्या मैदानात नेऊन लावायची. गल्ल्या आपल्या बोळांइतक्या अरुंद आणि घरं इतकी खेटून, की शेजारच्यांच्या सकाळच्या अंड्यांचा वास आपल्या खोलीत येतो. त्यालाही कारण आहे. १८७४ मध्ये लुइस मिलर नावाच्या शेती-अवजारांच्या कारखानदाराने आणि जॉन व्हिन्सेंट नावाच्या मेथडिस्ट पाद्र्याने रविवारी धर्मशिक्षण देणाऱ्या शाळांच्या शिक्षकांसाठी इथे दोन आठवड्यांचं शिबिर भरवलं. लोक राहिले तंबूत. पुढे तंबूंच्या जागांवर घरं उभी राहिली, पण जागेचं माप तंबूचंच राहिलं. म्हणून घर रुंदीला दोन खोल्या आणि उंचीला तीन मजले, पुढे प्रत्येक मजल्यावर पडवी. तिथे त्याला पोर्च म्हणतात, पण लाकडी खांब, कठडा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायला मांडलेल्या खुर्च्या पाहिल्यावर मला तरी पडवीच म्हणावंसं वाटतं.

विहीणबाईंनी आल्या आल्या चहा केला (पाण्यात पिशवी बुडवून, पण मायेने) आणि घर दाखवलं. वरच्या मजल्यावर न्हाणीघरातला नळ टपटपत होता. त्या म्हणाल्या, "त्याकडे लक्ष देऊ नका, तो आमच्या कुटुंबातलाच आहे."

जाणाऱ्यांसाठी: फाटकाचा पास सगळ्यांना घ्यावा लागतो, स्वतःचं घर असणाऱ्यांनासुद्धा. तो स्वस्त नाही. रविवारी प्रवेश मोफत असतो, तेव्हा नुसतं पाहून यायचं असेल तर रविवार गाठावा. बफेलो विमानतळ साधारण दीड तासावर आहे. भाड्याची घरं बहुतेक शनिवार ते शनिवार मिळतात आणि जुनी लाकडी घरं म्हटलं की जिने उभे असतात. गुडघेदुखी असेल तर तळमजल्यावरची खोली आधीच मागून घ्या.

रविवार

ऑगस्टमध्ये सकाळी स्वेटर लागेल असं लेकीने बजावलं होतं, ते खरं निघालं. नऊनंतर ऊन चढलं तसे सगळे घोळक्याने अँफिथिएटरकडे निघाले. छप्पर आहे, भिंती नाहीत, हजारो माणसं बसतील एवढा उतरता लाकडी बाकांचा खड्डा. जुनी वास्तू पाडून २०१७ मध्ये तिथेच नवी बांधली. त्यावरून इथे इतकी भांडणं झाली, की जेवणाच्या टेबलावर आजही तो विषय काढत नाहीत. १९०७ सालचा मेसी ऑर्गन मात्र जुनाच ठेवला आहे. माझा चर्चसंगीताशी संबंध शून्य, पण तो वाजायला लागला की आवाज बाकातून अंगात चढतो.

दुपारी नातीने हात धरून पॅलेस्टाइन पार्कला नेलं. शिक्षकांना बायबलचा भूगोल समजावा म्हणून १८७४ सालीच काठावर माती-दगडांचा हा नकाशा रचला होता. टेकड्या, जॉर्डन नदी, मृत समुद्र, जेरुसलेम. शेजारचं खरं तळं म्हणजे भूमध्य समुद्र. आता गंमत अशी, की भूमध्य समुद्र पॅलेस्टाइनच्या पश्चिमेला आणि हे तळं वसाहतीच्या पूर्वेला. मग त्यांनी सरळ देशच फिरवला: नकाशाची उत्तर खऱ्या दक्षिणेला! मुलं जेरुसलेमवरून नाझरेथवर उड्या मारत होती, कुणी ओरडत नव्हतं.

संध्याकाळी व्याह्यांनी धक्क्यावर बसून तळ्याची कुंडली सांगितली. लांबी सत्तावीस किलोमीटर, मध्ये बीमस पॉइंटला कंबर आवळल्यासारखं अरुंद. ईरी सरोवर तेरा किलोमीटरवर आणि सव्वादोनशे मीटर खाली, पण शटॉक्वाचं पाणी तिकडे जातच नाही. ते उलट दिशेला चॅडाकोइन नदीतून ॲलेगेनीत, तिथून ओहायोत, मग मिसिसिपीत आणि शेवटी मेक्सिकोच्या आखातात पोचतं. महाबळेश्वरचं पाणी अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर असताना बंगालच्या उपसागराला जातं, हे मी सांगितल्यावर व्याह्यांनी फोनवर नकाशा काढून कृष्णा नदी बोटाने पार आंध्रापर्यंत नेली. त्यानंतर आमचं छान जमलं.

सोमवार

नातीला सकाळी क्लबला सोडलं. मुलामुलींचा हा क्लब १८९३ पासून चालू आहे. देशातलं सगळ्यात जुनं दिवसाचं शिबिर, असं तिथले लोक सांगतात. पोहणं, होडी, हस्तकला. जावई तिथेच वाढला आणि कॉलेजात असताना तिथेच मुलांना शिकवायचा. आम्ही वाटेत होतो तर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ सायकलवरून जाताना त्याला त्याच्या लहानपणच्या टोपणनावाने हाक मारून गेले. लेक म्हणाली, "आई, हा इथे आला की बारा वर्षांचा होतो. भांडी घासायला सांगितली तर आजीकडे तक्रार करतो."

पावणेअकराला अँफिथिएटरमध्ये मुख्य व्याख्यान. दर आठवड्याला एक विषय ठरलेला आणि रोज वेगळा वक्ता. मी पुण्याची. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू केली, म्हणजे शटॉक्वानंतर एका वर्षाने. इकडे पाद्री आणि कारखानदार, तिकडे न्यायमूर्ती, एकमेकांचा काही संबंध नाही, पण मोठ्या माणसांनाही सुट्टीत शिकवावं ही कल्पना दोन्हीकडे एकाच सुमाराला सुचली. श्रोतेही ओळखीचे वाटले: पहिल्या रांगेत वही घेऊन बसणाऱ्या बाई आणि प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचंच भाषण करणारे काका. १९३६ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट इथेच "मला युद्धाचा तिटकारा आहे" असं म्हणाले होते.

आणि १२ ऑगस्ट २०२२ ला मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दींवर चाकूहल्ला झाला तोही याच अँफिथिएटरच्या व्यासपीठावर. त्यात त्यांचा एक डोळा गेला. विहीणबाई त्या सकाळी श्रोत्यांत होत्या. त्याबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, की लोक आधी व्यासपीठाकडे धावले, पळाले नाहीत. पूर्वी इथे घरांना कुलपं लावत नसत, आता लावतात. सुरक्षेचे नियम आता कडक आहेत, तेव्हा अँफिथिएटरमध्ये काय नेता येतं ते आधी पाहून घ्या. मी मोठी झोळी नेली होती, ती घरी ठेवून यावी लागली.

दुपारी ह्यांच्याबरोबर संगीतशाळेच्या बाजूला फिरायला गेले. झाडांखाली सरावाच्या छोट्या लाकडी खोपट्या आहेत, प्रत्येकीतून वेगळं वाद्य. अशाच एका खोपटीत अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विनने १९२५ च्या उन्हाळ्यात आपल्या पियानो कंचेर्टोवर काम केलं. आम्ही थांबलो तिथे एक मुलगी व्हायोलिनची एकच ओळ पुन्हा पुन्हा घासत होती आणि प्रत्येक वेळी त्याच जागी अडत होती. हे तिच्यापेक्षा जास्त अस्वस्थ झाले.

मंगळवार

या दिवसासाठीच विहीणबाईंनी हा आठवडा निवडला होता. ४ ऑगस्ट १८७४ ला शिबिराची पहिली संध्याकाळ झाली, तिचा वाढदिवस दरवर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला साजरा करतात. नाव आहे 'ओल्ड फर्स्ट नाइट', जुनी पहिली रात्र. घरात सकाळपासून लगबग. विहीणबाईंनी कपाटातून पांढऱ्या सुती रुमालांची चळत काढली आणि इस्त्री करून एकेकाला वाटली. इथे त्या रात्री टाळ्यांऐवजी रुमाल हलवतात. व्हिन्सेंटसाहेबांच्या काळात एक कर्णबधिर वक्ते आले होते. त्यांना टाळ्या ऐकू यायच्या नाहीत, म्हणून त्यांना दिसावं असं काहीतरी करा, असं साहेबांनी सांगितलं आणि ती प्रथा पडली.

संध्याकाळी सगळं कुटुंब रांगेने निघालं. चुलत, मावस, आते, सगळे मिळून बावीस-तेवीस. लहान मुलांनी शटॉक्वाला वाढदिवसाचं गाणं म्हटलं. त्यात आमची नात दुसऱ्या रांगेत, पूर्ण वेळ नाकात बोट. नंतर हजेरी सुरू झाली. यंदा पहिल्यांदा आलेल्यांनी उभं राहा. आम्ही दोघं उठलो, शेजारच्या अनोळखी आजींनी माझा हात दाबला. मग किती वर्षं येताय, त्याची हजेरी. आकडा वाढेल तशी उभी माणसं कमी होत जातात, शेवटी शेवटी नव्वदीपलीकडची, कुणीतरी कोपराला धरून उठवलेली. मग पिढ्या. दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या पिढीला जावई उभा राहिला. सहाव्या पिढीला त्याने नातीला उचलून खांद्यावर घेतलं. तिचं एक नाव मराठी, आडनाव जर्मन वळणाचं आणि कपाळावर आजीने, म्हणजे मी, हौसेने लावलेली टिकली. आजूबाजूला पाहिलं तर हजारोंच्या त्या गर्दीत आमच्या रंगाची माणसं बोटांवर मोजण्याइतकी. तिथे वर्षानुवर्षं कोण येऊ शकलं आणि कोण नाही, तेही त्या हजेरीत दिसतं. विहीणबाईंना मी हे नंतर बोलून दाखवलं, त्यांनी वाद घातला नाही.

शेवटी गेलेल्यांसाठी सगळ्यांनी रुमाल उंच धरले आणि हळूहळू खाली आणले. याला ते 'लिली झुकणं' म्हणतात. हे माझ्या शेजारी हळूच डोळे टिपत होते आणि तेही त्याच रुमालाने, त्यामुळे यांची लिली जरा उशिरा झुकली.

तेवढ्यात छताखालून वटवाघळं भिरभिरली. मी किंचाळले, बाकी कुणी मान वर केली नाही. इथे वटवाघळांवरसुद्धा व्याख्यानं होतात.

बुधवार

आज वाचकांची मिरवणूक. १८७८ पासून इथे एक वाचनमंडळ आहे. मूळ कल्पना पत्राद्वारे चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची होती आणि कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या बायकांनी देशभरातून नावं नोंदवली. आता बारा पुस्तकं वाचून झाली की पदवी मिळते. त्या दिवशीच उघडणाऱ्या सोनेरी फाटकातून पदवीधर आत येतात, लहान मुली फुलं उधळतात, पुढे जुन्या तुकड्यांचे निशाण. पदवीदान होतं ती जागा म्हणजे ग्रीक खांबांचं उघडं सभागृह, जमिनीत एकेका तुकडीचं नक्षीचं चौकट. विहीणबाईंनी आपल्या आजीच्या तुकडीचं दाखवलं. घरी सात मुलं, गोठा, आणि आजी रात्री दिव्याखाली इतिहास वाचायची.

संध्याकाळी पाऊस. सगळे पडवीत, पत्ते.

गुरुवार

पाऊस थांबेना. मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. ऑगस्ट म्हणजे तिथे मक्याचा हंगाम, रस्त्याकडेच्या टपरीवर कोवळी गोड कणसं मिळतात. भरपूर दाणे काढून उसळ केली, मोहरी-हळद पिट्सबर्गहून आणली होती. दहा जणांत पातेलं पुसून झालं. त्या बदल्यात विहीणबाईंनी जांभळ्या बेरींचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ केला.

जेवणानंतर त्यांनी फडताळातली वही माझ्यापुढे ठेवली. मी बँकेत होते हे त्यांना ठाऊक, म्हणून दाखवली असावी. घर सोडताना प्रत्येक कुटुंबाने त्यात लिहायचं: काय मोडलं, काय आणलं, काय संपलं. १९५० च्या दशकापासूनच्या वह्या आहेत. वरच्या नळाची तक्रार मी निरनिराळ्या हस्ताक्षरांत चार ठिकाणी वाचली. मागच्या पानांवर हिशोब.

घराचे आज अकरा वाटेकरी. मालकी एका कौटुंबिक न्यासाच्या नावावर. जानेवारीत सगळ्यांची फोनवर बैठक होते आणि डब्यातून चिठ्ठ्या काढून आठवडे वाटतात. ज्याने या वर्षी पहिली चिठ्ठी काढली तो पुढच्या वर्षी शेवटी. दोन आठवडे बाहेरच्यांना भाड्याने देतात, त्यातून कर आणि विमा भागतो. छपरासाठी वेगळी पुंजी. बैठकीला न येणाऱ्याला त्या वर्षी रंग, पडदे, कशावरच मत नाही. एका चुलतभावाला पैशांची गरज पडली, तेव्हा किंमत कशी ठरवायची हे आधीच लिहिलेलं होतं, म्हणून भांडण न होता त्याचा वाटा घेतला. तो अजूनही पाहुणा म्हणून येतो.

आमचं कोकणातलं घर मला आठवल्याशिवाय कसं राहील! सातबाऱ्यावर नावं एवढी, की दोन तर वारलेल्यांची. गणपतीची पाळी मात्र आम्ही न चुकता सांभाळतो. पण कौलं शाकारायची वेळ आली की प्रत्येकाला दुसऱ्याचा हक्क आठवतो. प्रेम आमच्यातही कमी नाही. फक्त ते आणि पैसे आम्ही एकाच डब्यात ठेवले आणि वही ठेवलीच नाही. मी त्यांचे नियम उतरवून घेतले आणि तिथूनच पुतण्याला पाठवले. "काकू, तुम्ही सुट्टीवर आहात ना?" एवढंच उत्तर आलं.

असं नाही की त्यांना घोर नाही. एक भाची सिॲटलला, एक भाचा लंडनला, वर्षाला दोन आठवडे रजा. विमान, पास, सगळं धरलं तर त्या पैशात ते दुसरीकडे कुठेही जाऊ शकतात आणि जातात. "माझी आई शाळा सुटली की इथे यायची ती शाळा भरेपर्यंत राहायची," विहीणबाई म्हणाल्या. "आता कुणी आठवडा राहिलं तरी मी वहीत त्याचं नाव ठळक लिहिते."

इकडे हे मेव्हिलच्या दुकानातून वॉशर आणून नळ खोलून बसले होते. गुडघा विसरून. पाऊण तासाने टपटप थांबली. वहीत नोंद झाली, तारखेसकट, आणि कुटुंबाच्या ग्रुपवर त्यावर इतकी चर्चा झाली, की सिॲटलच्या भाचीनेही सहा महिन्यांनी तोंड उघडलं. तिला तो आवाज हवा होता म्हणे.

शुक्रवार

ऊन. मेव्हिलहून शटॉक्वा बेल या वाफेवर चालणाऱ्या चाकाच्या बोटीत बसलो. मागचं लाल चाक पाणी उडवतं आणि कप्तान इंजिनची खोली बघू देतो, लहान मुलं बरोबर असतील तर चुकवू नका. पोहायचं असेल तर सकाळी चौकशी करा, कारण ऑगस्टमध्ये शेवाळ माजलं की काही किनारे पोहायला बंद ठेवतात. आम्हाला एकच दिवस मिळाला. पाणी पहिल्या मिनिटाला गार, मग बरं. साठीनंतर तळ्यात उतरलेली मी आमच्या घराण्यातली पहिलीच असेन.

शनिवार

सकाळी दहाला पुढचं कुटुंब येणार, म्हणून घर रिकामं करायची घाई. चादरी, फ्रिज, कचरा, वही. माझ्याकडूनही लिहून घेतलं. मी मराठीत लिहिलं, खाली लेकीने भाषांतर केलं.

परतीला वेस्टफील्डला थांबलो. अकरा वर्षांच्या ग्रेस बेडेल या मुलीने १८६० मध्ये लिंकनना पत्र लिहून दाढी वाढवायला सांगितलं होतं आणि त्यांनी ती वाढवली. अध्यक्ष म्हणून वॉशिंग्टनला जाताना ते इथे उतरून तिला भेटले. चौकात दोघांचे पुतळे आहेत. तिथून बार्सिलोना नावाच्या वस्तीतला १८२९ सालचा दगडी दीपस्तंभ जवळच आहे. एके काळी तो जमिनीतून निघणाऱ्या नैसर्गिक वायूवर जळायचा. पुढे लक्षात आलं की इथे बंदरच नाही, आणि तो विझवला.

दीपस्तंभाखाली सँडविच खात असताना लेकीचा फोन वाजला. घरात नुकत्याच शिरलेल्या चुलतसासूबाईंचा निरोप होता: टेबलक्लॉथवर मोठा पिवळा डाग आहे, साबण लावला तर लाल झाला, आता काय करू? लेकीने माझ्याकडे पाहिलं.

"घाबरू नका म्हणावं," मी म्हटलं, "दिवसभर उन्हात टाका."